शीर्षप्रहेलिका: १९४ अंक की २५०?



गेल्या चातुर्मासात आमच्या गोंदियातल्या पाठशाळेच्या मुलांनी कालगणनेचा एक मोठा फलक करायचं ठरवलं. खाली समय, आवलिका, मग मुहूर्त, अहोरात्र, पक्ष, मास, वर्ष, पूर्व आणि अगदी वर पल्योपम, सागरोपम. मोजता येणाऱ्या काळाची शेवटची पायरी म्हणजे शीर्षप्रहेलिका. तिचा पूर्ण आकडा फलकावर लिहायचा होता. मी बी.कॉम., आणि घरच्या वह्या बरीच वर्षं सांभाळलेल्या, म्हणून आकडा उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

दोन पुस्तकं समोर घेऊन बसले आणि अडले. एका पुस्तकात शीर्षप्रहेलिका १९४ अंकांची, दुसऱ्यात २५० अंकांची. सातवीतली एक चुणचुणीत मुलगी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आजी, खरा आकडा कुठला?"

मोठ्या जाऊबाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "अगं, एकच लिही. दोन सांगितलेस तर पोरं म्हणतील शास्त्रातच घोळ आहे. आधीच त्यांची श्रद्धा किती ती!" त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं नाही. मोबाइल हातात असलेली पोरं एवढंसं निमित्त मिळालं की सगळंच थोतांड ठरवतात. मी त्या दिवशी गप्प बसले आणि १९४ अंक लिहिले. पण त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं, ते मनाला लागून राहिलं. पुढचे काही महिने दुपारच्या वेळात मी याच आकड्याच्या मागे होते. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात आपल्या रोजच्या सामायिकापासून करू. सामायिक एका मुहूर्ताचं, म्हणजे ४८ मिनिटांचं. आगमात मुहूर्त श्वासांवर मोजलाय. ७ प्राणांचा एक स्तोक, ७ स्तोकांचा एक लव आणि ७७ लवांचा एक मुहूर्त. ७ गुणिले ७ गुणिले ७७, म्हणजे ३७७३ श्वासोच्छ्वास. इथूनच एक गोष्ट दिसते. आपल्या शास्त्रातले मोठे आकडे कुणी नुसते उंच फेकलेले नाहीत. ते गुणाकारानं बांधलेले आहेत आणि प्रत्येकाचे घटक सांगता येतात.

३० मुहूर्तांचं अहोरात्र, पुढे महिने, वर्षं. ८४ लाख वर्षांचं एक पूर्वांग. ८४ लाख पूर्वांगांचं एक पूर्व, म्हणजे ७० लाख ५६ हजार कोटी वर्षं. ऋषभदेव भगवानांचं आयुष्य ८४ लाख पूर्व, हे आपण सगळ्याच लहानपणापासून ऐकतो. अनुयोगद्वार सूत्रात ही शिडी पुढे चढत जाते आणि दर पायरीला ८४ लाखांनी गुणायचं असतं. त्रुटितांग, त्रुटित, अडडांग, अडड, अववांग, अवव, हूहूकांग, हूहूक, उत्पलांग, उत्पल, पद्मांग, पद्म, नलिनांग, नलिन, अर्थनिपूरांग, अर्थनिपूर, अयुतांग, अयुत, नयुतांग, नयुत, प्रयुतांग, प्रयुत, चूलिकांग, चूलिका, आणि शेवटी शीर्षप्रहेलिकांग, शीर्षप्रहेलिका. पूर्वांगापासून मोजलं तर या १४ जोड्या, म्हणजे २८ पायऱ्या. गणिताचा विषय इथपर्यंतच, असं सूत्र सांगतं. पुढचा काळ उपमेनं समजून घ्यायचा, म्हणून पल्योपम आणि सागरोपम.

तर शीर्षप्रहेलिका म्हणजे ८४ लाखांचा ८४ लाखांशी असा गुणाकार की ८४ लाख एकूण २८ वेळा यावेत. तो आकडा असा आहे:

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६

हे ५४ अंक झाले. यांच्यापुढे १४० शून्यं लावायची. ५४ आणि १४० मिळून १९४.

आता जरा या आकड्याच्या पोटात शिरू. ८४ लाखांचे मूळ घटक पाडले तर २ सात वेळा, ३ एकदा, ५ पाच वेळा आणि ७ एकदा येतो. याखेरीज दुसरा कुठलाही मूळ घटक नाही. मग शीर्षप्रहेलिकेत या सगळ्यांची २८ पट. २ येतो १९६ वेळा, ३ येतो २८ वेळा, ५ येतो १४० वेळा आणि ७ येतो २८ वेळा. एवढा अवाढव्य आकडा, पण सामान फक्त चार प्रकारचं.

शेवटी एक शून्य यायला एक २ आणि एक ५ लागतो. २ भरपूर आहेत, ५ मात्र १४०च. म्हणून शून्यं बरोबर १४०, एक जास्त नाही की कमी नाही. चारही घटकांची मोजणी सम असल्यामुळे हा पूर्ण वर्ग आहे. त्याचं वर्गमूळ म्हणजे ८४ लाख १४ वेळा. आणि त्याला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती? २ आपण ० ते १९६ कितीही वेळा घेऊ शकतो, म्हणजे १९७ प्रकारे. तसंच ३ साठी २९ प्रकार, ५ साठी १४१, ७ साठी २९. चौघांचा गुणाकार २,३३,६०,४५७. इतके भाजक. मी हे कॅल्क्युलेटरवर केलं, पण कागदावरही सहज होतं.

तुम्ही म्हणाल, याचा फलकाशी काय संबंध? संबंध असा की माझ्याच हातून फलकावर चूक झाली होती, आणि ती या घटकांनी पकडून दिली.

आम्हाला जुन्या मुनीमजींनी शिकवलेला नवांचा पडताळा तुमच्यापैकी कित्येकींना ठाऊक असेल. अंकांची बेरीज करायची आणि ९ नं भाग जातो का पाहायचं. शीर्षप्रहेलिकेत ३ तब्बल २८ वेळा आहे, तेव्हा ९ नं भाग गेलाच पाहिजे. वरच्या ५४ अंकांची बेरीज २५२ येते. २ अधिक ५ अधिक २, नऊ. बरोबर. फलकावरच्या अंकांची बेरीज मात्र आली २४४. म्हणजे ८ कमी. एकाच अंकात ८ चा फरक कुठे पडतो? ९ च्या जागी १ लिहिला तर, किंवा ८ च्या जागी शून्य. देवनागरीत ९ आणि १ किती सारखे दिसतात, सांगायला नको. शोधलं तर ९७३ चं १७३ झालं होतं. चष्मा बदलायची वेळ आली होती, दुसरं काय!

पण नवांच्या पडताळ्याला एक भोक आहे. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बेरीज तीच राहते. ताळेबंद जुळत नाही आणि फरकाला ९ नं भाग जातो, तेव्हा आपण कॉमर्सवाल्या आधी अंक उलटे लागलेत का ते पाहतो, त्याचं कारण हेच. म्हणून दुसरी चाळणी ७ ची. उजवीकडून तीन तीन अंकांचे गट पाडायचे. पहिला अधिक, दुसरा वजा, तिसरा अधिक, असं करत जायचं. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ येतो, म्हणून ही युक्ती चालते. वरच्या आकड्यात अधिकच्या गटांची बेरीज ४२७३, वजाच्या गटांची ३६९२. फरक ५८१. आणि ५८१ म्हणजे ७ गुणिले ८३. निःशेष! समजा ९७३ चं ९३७ झालं असतं, तर फरक ५४५ आला असता आणि ७ नं भागून ६ उरले असते. चूक उघडी पडली असती.

सख्यांनो, हे जमलं तेव्हा मला फार बरं वाटलं. हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून हा आकडा आपल्यापर्यंत आलाय. अंक चुकले तरी आकडा हरवत नाही. '८४ लाख, २८ पायऱ्या' एवढं लक्षात असलं की कुणीही तो पुन्हा उभा करू शकतं. अंक पाठ नसले तरी चालतील, घडण पाठ हवी.

जाता जाता एक गंमत. आपल्याच महाराष्ट्रात नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होऊन गेले. जन्म १९०५ चा, डहाणूचा; निधन १९८६ मध्ये. शाळेत शिकवता शिकवता आयुष्यभर आकड्यांशी खेळले. त्यांचा ६१७४ हा आकडा जगभर प्रसिद्ध आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' संख्या म्हटलं, म्हणजे हर्ष देणारी. आपल्या आकड्याच्या अंकांची बेरीज २५२. २५२ चे घटक २, २, ३, ३ आणि ७. हे सगळे शीर्षप्रहेलिकेत आहेतच. म्हणजे आपली शीर्षप्रहेलिका हर्षद निघाली! मला तरी झाला हर्ष.

दुसरा धागा आपल्या विदर्भातलाच, अमरावतीचा. षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतकं जपलेली होती. ती संपादून छापण्याचं काम अमरावतीला कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. हीरालाल जैन यांनी हाती घेतलं आणि १९३९ मध्ये पहिला भाग अमरावतीहून निघाला. पुढे चौथ्या भागात धवलेतल्या गणितावर लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांचा लेख आला, तेव्हा विद्वानांचं लक्ष तिकडे वळलं. धवलेत 'अर्धच्छेद' नावाची कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती मोजणी म्हणजे अर्धच्छेद. दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते, हा नियमही तिथे आहे. आज कॉलेजात लॉगॅरिदम म्हणून शिकवतात ते याच जातीचं.

त्याच वाटेनं आपला आकडा पाहा. ८४ लाख निम्मे करत जा: ४२ लाख, २१ लाख, साडेदहा लाख, ५,२५,०००, २,६२,५००, १,३१,२५० आणि ६५,६२५. सात वेळा निम्मे झाले, आता विषम आला, थांबा. असे ८४ लाख २८ वेळा, म्हणून ७ गुणिले २८. शीर्षप्रहेलिका बरोबर १९६ वेळा पूर्ण निम्मी होते. १९४ अंकांचा आकडा न लिहिता हे सांगता येतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. १९४ की २५०?

२५० अंकांचा आकडा ज्योतिष्करंडक या ग्रंथाच्या परंपरेतला. मी आधी त्याची शून्यं मोजली. १८० शून्यं, त्याआधी ७० अंक. दर ८४ लाखांमागे ५ शून्यं, तेव्हा १८० ला ५ नं भागलं. आले ३६. पहिल्या आकड्यात १४० ला ५ नं भागलं की २८. म्हणजे तिथे ३६ पायऱ्या, इथे २८. फरक ८ पायऱ्यांचा, चार जोड्यांचा.

इथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुणा लेखनिकाच्या हातून अंक गळले असते किंवा शून्यं वाढली असती, तर उरलेला आकडा ८४ लाखांच्या नेमक्या गुणाकाराचा राहिला नसता. दोन्ही आकडे आपापल्या जागी चोख आहेत. वेगळी आहे ती नावांची यादी. ज्योतिष्करंडकाच्या यादीत लता, महालता अशी वेगळीच नावं येतात. म्हणजे फरक मोजण्यात पडलेला नाही, मुखपाठात पडलाय. आणि मुखपाठात फरक पडतो तेव्हा माणसांवर काहीतरी गुदरलेलं असतं.

काय गुदरलं ते मलयगिरी आचार्यांनी सांगून ठेवलंय. ते १२ व्या शतकातले, हेमचंद्राचार्यांच्या काळातले. ज्योतिष्करंडकावरच्या टीकेत नेमकी याच ठिकाणी त्यांना आपल्या सातवीतल्या मुलीचीच शंका दिसली. ते सांगतात की स्कंदिलाचार्यांच्या काळी मोठा दुष्काळ पडला. साधूंना गोचरी मिळेना, पठण आणि उजळणी बंद पडली, आगम विसरले गेले. दुष्काळ सरल्यावर संघ दोन ठिकाणी जमला. मथुरेला स्कंदिलाचार्यांच्या पुढाकारानं आणि वलभीला नागार्जुनाचार्यांच्या. ज्याला जे आठवत होतं ते त्यानं म्हटलं आणि त्यातून सूत्रं पुन्हा जुळवली. परंपरेनुसार हा काळ वीर निर्वाणानंतर ८२७ ते ८४० वर्षांचा, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकाची सुरुवात. दोन ठिकाणी आठवणी जुळवल्यावर काही ठिकाणी पाठ वेगळे होणारच. अनुयोगद्वार माथुरी वाचनेला धरून, तर ज्योतिष्करंडकाचे कर्ते वलभीच्या परंपरेतले. म्हणून दोघांतल्या संख्या वेगळ्या दिसल्या तरी शंकेनं मन गढूळ करू नये, असं मलयगिरी सांगतात. पुढे वीर निर्वाण ९८० मध्ये, दुसऱ्या मतानं ९९३ मध्ये, वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम पुस्तकारूढ केले, ते आपण पर्युषणात ऐकतोच.

दिगंबर परंपरेतल्या माझ्या मैत्रिणींसाठी: यतिवृषभाचार्यांच्या तिलोयपण्णत्तीत शेवटची पायरी 'अचलात्म'. हा ग्रंथ आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं छापला. तिथे काही पायऱ्या ८४ लाखांनी चढतात, काही नुसत्या ८४ नी. अचलात्म १५० अंकांचं, शेवटी ९० शून्यं. ९० भागिले ५, म्हणजे १८ वेळा ८४ लाख. त्यात ८४ एकूण ३१ वेळा येतो, म्हणून नुसता ८४ उरलेल्या १३ वेळा. यादी वेगळी, पण वीट तीच, ८४.

हे सगळं वाचल्यावर मी जाऊबाईंकडे गेले. त्यांना म्हटलं, "अहो, आपण जे झाकायला निघालो होतो ते आचार्यांनी आठशे वर्षांपूर्वी उघड लिहून ठेवलंय. त्यांची श्रद्धा काही कमी नव्हती." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उपाशी माणसांनी आठवून आठवून एवढं वाचवलं. आपल्याला भरल्या पोटी चार गाथा पाठ राहत नाहीत." मला वाटतं, एवढ्या महिन्यांच्या माझ्या आकडेमोडीचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

फलकावरचा १७३ मी ९७३ केला. खाली जागा होती तिथे मुलांकडून दोन ओळी लिहवून घेतल्या: माथुरी वाचना, ८४ लाख २८ वेळा, १९४ अंक, वालभी वाचना, ८४ लाख ३६ वेळा, २५० अंक. आणि त्या मुलीला सांगितलं, "बेटा, दोन्ही खरे. दुष्काळातून वाचलेल्या दोन आठवणी आहेत या." तिनं लगेच वही काढली आणि १८० ला ५ नं भागून पाहिलं. माझ्या शब्दावर न थांबता स्वतः पडताळून पाहिलं, हे मला जास्त आवडलं.

तुम्हीही एकदा करून पाहा. पुढच्या सामायिकानंतर वही घ्या आणि त्या ५४ अंकांची बेरीज करा. २५२ यायला हवी. नाही आली तर आधी ९ आणि १ नीट बघा.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, तर मन, वचन, कायेनं मिच्छामि दुक्कडं.